नांद्रुकाविना पार

स्टँडवरून वर आलात की उजव्या हाताला एक गोल पार दिसतो. घडीव काळ्या दगडाचा, एका अंगाने मोडलेला, मधोमध नुसता खड्डा. झाड नाही, देव नाही. बाहेरची माणसं येतात, फोटो काढतात आणि बूड टेकायला बघतात. टेकू नका. कोरेवाडीत त्या पारावर कोणी बसत नाही, आणि परवापर्यंत कोरेवाडीत दुसरा पारही नव्हता. झाडाखाली बसायचं तर मातीत बसायचं. कपडे मळले तर मळले.

तिथे पूर्वी नांद्रुक होता म्हणे. वडाचाच भाऊबंद. अख्ख्या माळावर तेवढी एक सावली, तिथेच मेंढरं बसायची, तिथेच बैलगाड्या विसाव्याला सुटायच्या. बुडाशी मुळं अशी पसरलेली, की लहान पोर त्यांच्या मांडीत निजावं.

सटवाजी पाटलाची येसू तशी निजायची. पाटलाला तेवढी एकच जगली होती, आधीची पाळण्यातच गेली. एका उन्हाळ्यात तिला ताप चढला. घरात तर भट्टी पेटल्यासारखी. पाटलाने पोर उचलून नांद्रुकाखाली आणली आणि बुंध्याला हात लावून बोलला, "पोर उठली, तर तुला घडीव दगडाचा पार बांधीन."

पोर उठली.

पाटील शब्दाचा पक्का. त्याने वडार आणले, कंबरेएवढा पार चढवला, आत मुरूम भरून चोपणीने चोपला, वरून चुना थापला. पोराला बाळलेणं घालावं तशा मायेने केलं म्हणे. गावजेवण झालं. सगळे जेवले, येसू तेवढी रुसून बसली.

"आबा, त्येचं पाय कुटं गेलं?"

पाटील हसला. "आगं, आता त्यो पाटावर बसला."

पुढच्या उन्हाळ्यात शेंडा पिवळा पडला. पाटलाला वाटलं, नवसात काही उणं राहिलं. त्याने दगडाचा आणखी एक थर चढवला, आणखी मुरूम ओतला. झाड वाळायला लागलं की त्याला काही कमी पडतंय, असंच माणसाला वाटतं. जास्त झालंय असं कधी वाटत नाही. अक्कल तेवढीच.

झाड आणखी वाळलं. येसू आता मोठी होत होती. एक दिवस ती खुरपं घेऊन पार उकरायला बसली. पाटलाने खुरपं हिसकावलं. हात उगारला आणि तसाच थांबला, असं सांगतात.

"ह्यो पार म्हंजी तुजा जीव हाय," तो म्हणाला. "नवसाचा दगड हालला तर तू जाशील."

"आन त्यो गेला तर?"

पाटील खुरपं घेऊन घरी गेला. तेव्हापासून रोज सकाळी तो माळावर जाऊन शेंडा बघायचा, मग घरी येऊन येसूच्या कपाळाला हात लावायचा. कपाळ गार असायचं. शेंडा वाळत चाललेला. कोणाच्या बदली कोण जातंय, ते त्याला दिसत होतं. दिसत असून त्याने चालू दिलं. बाप होता तो.

शेवटी सावली म्हणून उरली नाही. धनगरांनी वाट बदलली. आणि एका वैशाखात येसू भर दुपारी त्या पारावर जाऊन बसली. गावाने समजावलं, आईने पाय धरले. उठेना. उन्हाने ओठ फुटले तरी पार मोडल्याशिवाय उठेना. पार ठेवावा तरी पोर जाणार, मोडावा तरी जाणार. पाटलाने पहार उचलली.

एक दगड काढायचा आणि पोरीकडे बघायचा. दुसरा काढायचा आणि बघायचा. ती बसलेलीच. एका अंगाचे दगड सरले, मुरूम उपसला, बुंधा उघडा पडला. पाटलाने हात लावला, तर साल भिजल्या गोणपाटासारखी हातात आली. आत सगळं काळं, कुजलेलं. मुरुमाखाली गुदमरून झाडाचा गळा केव्हाच गेला होता. पुढच्या वावटळीत नांद्रुक आडवा झाला.

येसूला काही झालं नाही. साधी शिंकसुद्धा आली नाही. पुढे म्हातारी होऊन मेली. म्हणजे तो पार पहिल्याच उन्हाळ्यात मोडला असता, तरी ती जगलीच असती. हे कळलं त्या दिवशी पाटलाने पागोटं उतरवलं, ते पुन्हा डोक्याला लावलं नाही. मरेपर्यंत तो मोडक्या पारावर उन्हात बसायचा. त्याला कोणी ऊठ म्हणालं नाही. येसूही नाही.

ती मात्र दर वैशाखात खुरपं घेऊन गावभर फिरायची. ज्याच्या त्याच्या दारच्या झाडाची बुडाशी साचलेली माती काढायची, मुळं उघडी करायची. तेच पुढे गावाने धरलं. त्याला आम्ही 'पाय मोकळे करणं' म्हणतो. कोरेवाडीत आजारातून माणूस उठलं, तर झाडाला काही बांधत नाहीत. असलेलं काढतात. खिळा, तार, दोरा, काय असेल ते.

आजही वैशाख लागला की आम्ही खुरपी घेऊन निघतो. आम्ही म्हणजे चार म्हातारे. परवा पंचायतीने स्टँडवरच्या कडुलिंबांना गोल सिमेंटाचे कट्टे घातले, वर फरशी बसवली, रंग दिला. आम्ही पोरांना हा पार दाखवला, गोष्ट सांगितली, घसा बसला. पोरं म्हणतात, आजोबा, बसायची सोय झाली, तुम्हीच बसा की. सिमेंटावर खुरपं नुसतं वाजतं. थोडा वेळ वाजवतो. मग मान वर करून शेंडा बघतो आणि घरी येतो.