डालग्यातली तलंग

कोंबड्या एकमेकींशी मनातलं बोलत, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाबाईने बाजारातून एक काळी तलंग आणली, अजून अंडंही न घातलेली. जुन्या कोंबड्यांना सवय व्हावी म्हणून रीतीप्रमाणे तिला आठ दिवस अंगणात बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवलं. बाईच्या तळहातावरच्या कण्या खायला ती दोन दिवसांत शिकली. पण बाहेरच्या कोंबड्या तिच्याकडे पाठ करूनच माती उकरत. कोणीतरी बोलेल म्हणून ती दिवसभर फटीला डोळा लावून बसे.

नवव्या दिवशी डालगं उचललं. तलंग हरखून दाण्यांकडे धावली. म्हाताऱ्या कोंबड्यांनी मानही वर केली नाही. तिच्यावर तुटून पडली ती एक तांबडी.

"ताई, माझं काय चुकलं?" तलंग कळवळली.

"काही नाही. मागच्या महिन्यात मीही याच डालग्याखाली होते."

"मग तुम्हाला तर कळायला हवं!"

"कळतं, म्हणून तर टोचते," तांबडी म्हणाली. "कालपर्यंत सगळ्यांचा मार मीच खाल्ला. आज तू आलीस आणि मी जुनी झाले."

तलंग मागे फिरली. रिकाम्या डालग्याला टेकून बसली आणि पुढचा बाजार कधी भरतो, याची वाट बघू लागली.