घाईची घटका

एका राज्यात, जिथले डोंगर सकाळी निळे आणि दुपारी जांभळे दिसत, मकरंदसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता. पण त्याचे चित्त कधी ठिकाणावर नसे. पानावर बसला की लढाईत पडलेल्या धाकट्या भावाची आठवण येई, आणि हात धुवायला उठला की पुढल्या लढाईची चिंता लागे. मधले जेवण गोड होते की तिखट, हे त्याला सांगता येत नसे.

त्या राज्याच्या महाद्वारात पाण्याने भरलेले एक घंगाळ होते. त्यात तांब्याची वाटी तरंगत असे आणि वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक होते. भोकातून पाणी चढे, वाटी भरे आणि बुडे. बुडाली की एक घटका झाली. मग भिवरा नावाची म्हातारी तासावर, म्हणजे टांगलेल्या काशाच्या थाळीवर, टोला देई आणि वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडी. ही वाटी काळकेतू जादूगाराने राजाच्या पणजोबांना दिली होती. देताना अट एकच होती, की वाटीला घाई करायची नाही.

एके दिवशी राजा द्वारापाशी आला. म्हणाला, "भिवराबाई, भोक मोठं करा. आपण शत्रूच्या नेहमी एक घटका पुढे असलं पाहिजे."

"महाराज, वाटी लवकर बुडाली म्हणून सूर्य लवकर मावळत नाही."

"आमची आज्ञा आहे."

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. भिवराने सोन्याची सुई घेतली आणि भोक मोठे केले. झाले! टोल्यावर टोले पडू लागले. भर दुपारी बाजार उठला, डोक्यावर ऊन असताना घरोघरी दिवे लागले, चुलीवरून भाकऱ्या कच्च्याच उतरू लागल्या. शत्रू मात्र होता तिथेच होता.

तिसऱ्या दिवशी घंगाळाच्या पाण्यातून काळकेतू कमरेइतका वर आला. दाढीतून पाणी निथळत होते.

"राजा, तू घटकेची चोरी केलीस. आता एकही घटका तुझी नाही. जे गेलं ते तुला दिसेल, जे यायचं तेही दिसेल. जे समोर आहे ते दिसणार नाही. आणि ज्याच्यावर तुझा सर्वांत जीव आहे, ते आठ दिवसांत नाहीसं होईल."

एवढे बोलून तो पाण्यात विरघळला.

राजा धावत अंतःपुरात गेला. मुलीच्या जागी त्याला पाळण्यातली तान्ही दिसली. डोळे चोळून पाहिले, तो बोहल्यावरची नवरी दिसली. सात वर्षांची इंदुलेखा पुढ्यात उभी राहून "आबासाहेब, आबासाहेब" म्हणत होती, ती काही दिसेना. संध्याकाळी तिची सावली गेली. दुसऱ्या सकाळी तिच्या तळहातातून पलीकडची भिंत दिसू लागली. राणीसाहेबांनी रडत रडत तिच्या पायात पैंजण बांधले, पोर निदान कुठे आहे ते कळावे म्हणून.

राजाने भिवराला विचारले, "भोक बुजवता येईल?"

"नाही, महाराज. नवीच वाटी हवी. ती काळकेतूकडेच मिळेल."

"मग आम्ही जातो. वाटीवाचून परत येणार नाही."

राजा अनवाणी निघाला. त्याला कधी बुजून गेलेली जुनी वाट दिसे, तर कधी अजून न बांधलेला पूल. पुलावर पाय ठेवला की खड्ड्यात पडे. तेव्हा झाडावरून एक भारद्वाज बोलला. भारद्वाज दिसणे शुभ, म्हणून लोक ह्या पक्ष्याकडे टक लावून पाहत, आणि त्याला त्याचा मनस्वी कंटाळा होता. राजाला आपण दिसतच नाही हे कळल्यावर तो इतका खूश झाला की वाटाड्या व्हायला आपणहून कबूल झाला.

तिसऱ्या दिवशी नदी लागली. पलीकडून काळकेतूचा आवाज आला, "वाटी हवी तर तीन कामं कर. पहिलं काम. नदी ओलांड. मागे वळू नकोस."

पात्रात धोंडे होते, पण पाय टेकेल तेवढा एकच धोंडा वर येई. राजा चार धोंडे गेला असेल नसेल, मागून हाक आली, "दादासाहेब, थांबा! मला एकट्याला टाकून चाललात?" भावाचाच आवाज होता. राजा गर्रकन वळला आणि गळ्याइतक्या पाण्यात गेला.

"राजा," भारद्वाज म्हणाला, "पायाखाली काय आहे?"

"धोंडा."

"कसा आहे?"

"शेवाळलेला. गार. एका बाजूनं फुटलेला."

"मग उभा राहा त्याच्यावर."

राजा उभा राहिला. हाक थांबली नाही आणि राजाचे डोळेही थांबले नाहीत. भाऊ त्याचा फार लाडका होता. पण तो रडत रडत एकेक धोंडा तळव्याने ओळखत गेला, आणि नदी संपली.

पैलतीरी काळकेतूच्या अंगणात पुरुषभर उंच ढीग होता. "दुसरं काम. ह्या तांदळातले खडे निवड. किती उरलं असं मनात आणलंस, की ढीग दुप्पट होईल."

राजाने सूप मांडीवर घेतले. समोरचे तांदूळ दिसत नव्हते, म्हणून बोटांनी निवडू लागला. घटकाभराने सहज मनात आले, अजून किती? ढीग छपराला टेकला. राजाने दात ओठ खाल्ले. पुन्हा निवडू लागला, पुन्हा विचारले, ढीग डोंगराएवढा झाला. आठ दिवसांतले किती गेले, इंदू कशी असेल, असे सारखे मनात येई.

"मला घरी जायचं आहे!" राजा ओरडला.

"तर मग हा खडा काढ," भारद्वाज म्हणाला.

राजाने तो खडा काढला. मग दुसरा काढला. तांदूळ बोटांना गुळगुळीत लागे, खडा खरबरीत लागे. राजा तेवढेच चाचपत राहिला. दुसऱ्या दिवशी उन्हे वर आली तेव्हा त्याने सुपात हात घातला, तो सूप रिकामे होते.

काळकेतूने त्याच्या हाती नवी वाटी दिली. "तिसरं काम तुझ्याच द्वारात. ही पाण्यावर सोड आणि बुडेल त्याच क्षणी टोला दे. आधी नको, नंतर नको. कोणी तुला सांगायचं नाही. चुकलास तर मुलगी गेली."

आठव्या दिवशी राजा महाद्वारात पोचला. इंदुलेखा आता कोणालाच दिसत नव्हती. नुसते पैंजण वाजत होते, तेही क्षीण. राजाने वाटी पाण्यावर सोडली, एका हाती टोल्याची मोगरी घेतली आणि दुसऱ्या हाताचे बोट वाटीच्या काठाशी धरले. सगळे नगर श्वास रोखून उभे होते. राजाला लढाई दिसली, चिता दिसली, वरात दिसली. त्याने कशाकडे पाहिले नाही. काठ आणि पाणी यांत चार बोटे अंतर होते, मग दोन, मग एक.

इतक्यात पैंजण अगदी जवळ वाजले. "आबासाहेब, माझा दात हलतोय. हात लावून बघा ना."

"नंतर" हा शब्द राजाच्या ओठांपर्यंत आला. सात वर्षे तो हाच शब्द देत आला होता. बोट काढले तर वाटी बुडालेली कळणार कशी? राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला.

राजाने पाण्यातून बोट काढले.

"कुठला गं?"

"खालचा. मधला."

इवलासा दात बोटाखाली डुगडुगला. आणि राजाला तो दात दिसला. दातामागून ओठ दिसले, चिंचेने माखलेली हनुवटी दिसली, सगळी पोर दिसली. तिच्या खांद्यावरून घंगाळ दिसले, आणि त्यात तांब्याचा काठ नेमका पाण्याखाली जात होता. राजाने टोला दिला.

शाप तुटला. काळकेतू येऊन जुनी वाटी घेऊन गेला. बाजार वेळेवर भरू लागले, भाकऱ्या टम्म फुगू लागल्या. शत्रू यायचा तो पुढल्या वर्षी आला, आणि आला तेव्हा राजा त्याच्याशी लढला. राज्य सुखी झाले.

पण पाहा, मीही राजासारखीच घाई केली. टोल्याचा नाद अजून हवेत होता. राजाने मुलीला मांडीवर घेतले होते आणि तो तिच्याकडे पाहत होता. तिच्या भुवईवर एक जुना व्रण होता.

"ही खूण कधीची, इंदू?"

"झोपाळ्यावरून पडले होते ना, तेव्हाची."

"आम्ही कुठे होतो?"

"तुम्हीच झोका देत होता, आबासाहेब."

भर द्वारात, सगळ्या प्रजेपुढे, तो मुलीच्या केसांत तोंड लपवून रडला. मग डोळे पुसून त्याने पुन्हा तिच्या दाताला हात लावून पाहिला. तो अजून हलतच होता. कहाणी इथे थांबली. दात दोन दिवसांनी पडला.