बाईंची करवंटी

"पण बाई, माझं चुकलं तरी कुठे?"

मथुराबाई पडवीत बसून सुपारी कातरत होत्या. अडकित्ता चालूच राहिला.

विश्रामला वाटलं, बाईंना ऐकू गेलं नाही. त्याने आवाज चढवून पुन्हा विचारलं.

"ऐकलं रे," बाई म्हणाल्या. "कान शाबूत आहेत अजून. डोळ्यांचंच काय ते बिनसलंय."

आता हा विश्राम म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे हं. तालुक्यातल्या अंगणवाडीताईंना शिकवणारा माणूस. लहान मुलांना आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय, रुसवा आहे की हेवा, हे ओळखता यावं, त्याला नाव देता यावं, म्हणून घरच्या घरी करायचे खेळ तो शिकवायचा. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या, पेजेने चिकटवलेले मुखवटे आणि करवंट्यांचे चेहरे. करवंट्यांचा खेळ तर फारच गाजला होता. शिबिर संपलं की बायका त्याच्याभोवती गराडा घालायच्या आणि स्वारी जरा फुगायचीच. का नाही फुगणार?

शिबिराच्या सुरुवातीला तो आवर्जून सांगायचा, "हा खेळ मी आमच्या मथुराबाईंच्या बालवाडीत शिकलो. अर्थात, मी त्यात बरीच सुधारणा केली आहे."

आज मात्र सगळा तोरा उतरला होता. लेकीचं बोट धरून तो बाईंच्या पडवीत येऊन बसला होता. मुलगी सहा वर्षांची, नाव शाल्मली. ती अंगणात माडाखाली गळलेले बारके नारळ गोळा करत होती.

"कधीपासून असं करते?" बाईंनी विचारलं.

"सुगंधा कुवेतला गेल्यापासून. तिथल्या दवाखान्यात नर्स आहे ना ती. तिचा व्हिडिओ कॉल आला, की ही तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसते. काही केल्या बाहेर येत नाही. विचारलं, काय वाटतंय बाळा, तर हसरी करवंटी पुढे करते. रोज हसरी! परवा सुगंधा फोनवर रडली, बाई. म्हणाली, माझी लेक मला विसरली..."

बाईंचा अडकित्ता थांबला.

"मी दुनियेच्या पोरांना बोलतं करतो," विश्राम म्हणाला, "आणि माझीच पोर..."

त्याने अंगणातल्या लेकीकडे बघितलं.

"तुझा खेळ कसा असतो, सांग बघू."

"तुमचाच, बाई. पोराने आपल्या मनासारखी करवंटी उचलायची, उंबरठ्यावर ठेवायची. मग आपण विचारायचं, हिचं नाव काय?"

"आणि मोठ्यांनी?"

"मोठ्यांनी मधे पडायचं नाही. मुलं आपलं बघून तसंच करतात. ती सुधारणा मी केली."

"अस्सं..." बाई म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. आत गेल्या आणि भिंतीला धरत धरत एक टोपली घेऊन आल्या.

टोपली बघताच विश्रामला भरून आलं. त्याच त्या करवंट्या! बाई नारळ फोडायच्या आणि डोळ्यांकडची अर्धी करवंटी जपून ठेवायच्या. म्हणायच्या, नारळाला डोळे असतातच, भुवया आणि तोंड तेवढं आपण काढायचं. घरच्या काजळाने त्या तोंडं काढायच्या. सकाळचं ऊन पडवीत तिरपं यायचं. चुलीच्या धुराचा वास, खोबऱ्याचा वास, आणि नाकं पुसत, ढकलाढकली करत उंबरठ्याशी जमलेली पोरं... काय दिवस होते ते! ह्या पडवीत रडलं तरी कुणी गप्प बस म्हणत नसे.

एका करवंटीची कड चावलेली होती. विश्रामने ती लगेच ओळखली. धाकटी बहीण झाली तेव्हा रागाने त्यानेच ती चावली होती. त्याने स्वतः उचलेपर्यंत ती रागीट करवंटी कितीतरी दिवस उंबरठ्यावर तशीच पडून होती. बाई झाडताना तिच्या कडेकडेने केरसुणी फिरवायच्या.

"काय बघतोस?" बाई म्हणाल्या. "उचल तुझी."

"मी?"

"मग काय तू इथे वाती वळायला आलायस?"

विश्राम हसला. त्याने हसरी करवंटी उचलली आणि उंबरठ्यावर ठेवली. विचारसुद्धा करावा लागला नाही.

शाल्मली नारळ टाकून पडवीत आली होती. तिने बाबाची करवंटी बघितली. मग टोपलीत खुडबुड करून दुसरी हसरी शोधली आणि त्याच्या करवंटीला लावून ठेवली.

"बघितलंत?" विश्राम हळूच म्हणाला. "हे असं."

टोपलीत चाचपडून बाईंनी एक करवंटी काढली, डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितली. भुवया पार वर गेलेल्या, तोंड वाटोळं. ती त्यांनी त्या दोन हसऱ्यांच्या शेजारी ठेवली.

"ही माझी. मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटते."

शाल्मली त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आजी, तू तर मोठी आहेस."

"आहे ना. भीती पण चांगली मोठी आहे."

शाल्मली सरकत सरकत बाईंच्या मांडीशी येऊन बसली.

विश्रामला एकदम आठवलं! सकाळी पोरं यायची तेव्हा उंबरठ्यावर एक करवंटी आधीच असायची. बाईंची. कधी रुसलेली, कधी हसरी, कधी रडवेली. "बाई, आज तुम्ही रडक्या का?" पोरं विचारायची. आणि बाई सांगायच्या, खरं खरं सांगायच्या, मुलगा बोटीवर गेला म्हणून, नाहीतर गाय मेली म्हणून. मग पोरांची टोपलीवर झुंबड उडायची.

हे कसं विसरलो आपण? सुधारणा करता करता त्याने नेमकं हेच काढून टाकलं होतं.

त्याने आपली हसरी करवंटी परत उचलली. रडवेली शोधून उंबरठ्यावर ठेवायला वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे सगळंच धूसर झालं होतं.

"ही... ही माझी, शाल्मली. मला तुझ्या आईची आठवण येते. फार येते. फोन ठेवला की मी मोरीत जाऊन रडतो."

"नळ सोडून?"

"तुला माहीत आहे?"

पोरीने मान डोलावली.

माडाची एक झावळी कौलांवर घासत राहिली...

मग शाल्मली उठली. आपली हसरी करवंटी तिने टोपलीत टाकली. पुन्हा खुडबुड केली आणि कड चावलेली करवंटी काढून उंबरठ्यावर अशी आपटली की बाईंची करवंटी डुगडुगली.

"हिचं नाव काय?" सवयीने विश्रामच्या तोंडून गेलं.

"राग."

"कुणाचा?"

"आईचा. मी झोपले होते तेव्हा गेली ती. आणि फोनवर नुसती हसते. तू पण हसतोस. तुम्हाला मजा येते का?"

पोर रडेल, ह्याची विश्रामने तयारी ठेवली होती. राग त्याच्या ध्यानीमनीही नव्हता. अगं बाळा, आई तुझ्यासाठीच गेली आहे, असं काहीतरी तो बोलणार, एवढ्यात खिशातला फोन वाजला.

शुक्रवार होता. सुगंधाचा सुट्टीचा दिवस.

विश्रामने धसकून लेकीकडे बघितलं. पण शाल्मली पळाली नाही. पिंप नव्हतं म्हणून नव्हे, पडवीत लपायला कोनाडे चिकार होते. ती आपल्या करवंटीशेजारी, हाताची घडी घालून, गाल फुगवून उंबरठ्यावर बसली. थेट फोनकडे बघत.

विश्रामला आनंदाने रडू येईल असं वाटलं. किती दिवसांनी! सुगंधाला लेक दिसणार होती. आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा जीव चरकला. लेकीशेजारी ती करवंटीही दिसणार होती. ते चावकं, दात विचकलेलं तोंड. बिचारी तिकडे परमुलखात एकटी...

फोन वाजतच होता.

"बाई," तो घाईने पुटपुटला, "सुगंधाला दिसेल हो. आजच्यापुरती ही बाजूला ठेवतो." आणि त्याचा हात करवंटीकडे गेला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"ज्याची त्याने उचलायची."