रातकिड्यांची पंगत

एकदा एक वृद्ध गुरुजी दीड महिन्यासाठी लेकीकडे निघाले. त्यांच्या घरी एक पाळलेला शॅमेलियन होता, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा. पोट पुढे, चाल सावकाश, एक डोळा गिऱ्हाइकावर तर दुसरा रस्त्यावर. म्हणून त्याचं नाव शेठजी.

गुरुजींची एक शिष्या होती. वय चाळिशीपुढचं, उत्साह पंचविशीचा. "शेठजींना सांभाळ, आणि त्यांच्या रातकिड्यांनाही," एवढंच सांगून गुरुजी गेले. शिष्येनं अर्धं वाक्य ऐकलं. उरलेल्या अर्ध्याच्या वेळी ती पिंजऱ्यात कुठली वेल लावावी याचा विचार करत होती. आपण तरी कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकतो?

तिनं शेठजींचं फार केलं. वेल लावली. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, म्हणून दिवसातून तीनदा पानांवर पाणी शिंपडलं. रोज आठ रातकिडे न चुकता वाढले. ते रातकिडे कोपऱ्यातल्या एका डब्यात असत. त्यांना ती कधीमधी काकडीची साल टाकी, बरेचदा तीही नाही. आज ना उद्या जे खाल्ले जाणार, त्यांना कसलं आलंय जेवण!

गुरुजी परतले तेव्हा शेठजी राखाडी पडून खालच्या फांदीवर बसले होते. पुढचा पाय वाकडा होत होता. जीभ निघे, पण अर्ध्या वाटेत गळून पडे. शिष्येनं चिमट्यात एक रातकिडा धरून त्यांच्या तोंडाजवळ नेला होता.

"गुरुजी, हे माझ्या हातून जाणार," ती रडवेली होऊन म्हणाली. "कालपासून उपाशी आहेत. आत्ता कुठे तोंड उघडतायत."

गुरुजींनी तिच्या हातातून चिमटा घेतला आणि रातकिडा पुन्हा डब्यात सोडला. मग स्वयंपाकघरातून शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, नाचणीचं पीठ आणि संत्र्याची एक फोड घेऊन आले आणि डब्यापुढे मांडी घालून वाढायला बसले.

"अहो, ते तिकडे मरतायत आणि तुम्ही ह्यांची पंगत मांडताय!"

"हळू बोल. जेवताना दचकतात."

"गुरुजी, जेवणारा तिकडे आहे. हे जेवण आहे!"

"मग जेवणाला जेवू दे की. जरा आग्रह कर. त्या कोपऱ्यातल्यानं अजून काही घेतलेलं नाही."

शेठजींना डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यांनी औषधाचे थेंब दिले. पण उद्या सकाळपर्यंत एकही रातकिडा द्यायचा नाही, असं गुरुजींनी बजावलं. तो दिवस शिष्येनं रागात काढला. रागातही तिनं दोनदा पाला बदलला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

सकाळी गुरुजींनी पिंजरा कोवळ्या उन्हात ठेवला आणि टुमटुमीत झालेला एक रातकिडा अगदी जवळ धरला. शेठजींनी तो कसाबसा घेतला. मग दुसरा.

तेव्हा गुरुजी म्हणाले, "अगं, तू त्यांना रोज आठ पाकिटं पाठवत होतीस. वर पत्ता सुवाच्य, आत कागदच नाही. रातकिड्याच्या पोटात जे असतं, त्यातूनच सरड्याची हाडं होतात. तुझी माया खरी होती, पण ती ज्याच्या पोटातून तिथवर पोचायची, त्यालाच तू उपाशी ठेवलंस."

"पण ते तर मरणारच होते ना?"

"मरेपर्यंत तुझे पाहुणे होते."

शिष्या उठली. किसणी घेऊन गाजर किसायला बसली.

तीन आठवडे गेले. एका सकाळी शेठजी सगळ्यात वरच्या फांदीवर दिसले, हिरवेगार. खाली एक रातकिडा हलला. जीभ सुटली ती थेट त्याच्यावर. शिष्या इतक्या मोठ्यानं हसली की शेठजींचा मान दुखावला आणि ते भर उन्हात काळेठिक्कर पडले. गुरुजीही हसत सुटले.

घरात सगळ्यांना वाढणारं जे कुणी असेल, त्याच्या ताटात काय आहे हे एकदा वाकून बघावं. आणि ते आपणच असलो, तर ओट्याशी उभ्या उभ्या न खाता आधी खाली बसावं.