मूठभर गवत

चूक कारभाऱ्याची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही गोष्ट फार जुन्या काळची आहे आणि तेव्हापासून म्हातारी माणसं ती सांगताना दोष कधी नशिबावर ढकलतात, कधी नाकतोड्यांवर. नाकतोड्यांनी काही केलं नव्हतं. ते बिचारे मेले होते.

एका राज्याच्या कडेला एक गाव होतं आणि गावामागे मोठा माळ होता. माळावर गवत होतं, गवतात गावच्या चाळीस गाई चरत होत्या. त्या राखायचं काम हौसा नावाच्या तरुण बाईकडे होतं. तिच्या आधी ते तिच्या आईकडे होतं.

माळाचे चार तुकडे होते, मधे पांढरे धोंडे रोवलेले. एका वेळी एकाच तुकड्यात गुरं जायची. हौसा रोज सकाळी तिथल्या जमिनीवर मूठ टेकवायची. मूठ गवतात बुडाली तर गुरं तिथेच राहायची. बोटांची हाडं वर दिसायला लागली की त्याच दिवशी पुढचा तुकडा. आणि दरवर्षी एक तुकडा पाळीपाळीने अख्खा सोडून द्यायचा. त्यात खूरही पडायचं नाही.

गावाचं पोट मात्र माळाच्या अलीकडे होतं, कारळ्याच्या शेतात. खायला तेल कारळ्याचं, दिव्याला तेल कारळ्याचं, चटणीही कारळ्याची. ते विकूनच बाकीचं धान्य यायचं. कारळं पिवळंधमक फुललं की माळावरून माश्या यायच्या, फुलपाखरं यायची, आणि मग बोंडात काळे दाणे भरायचे. ते असं का होतं, हे पारावर बसणाऱ्यांनी कधी विचारलं नव्हतं. आयतं मिळत होतं, कोण विचारतो?

मग गावच्या कारभाऱ्याच्या मुलाचं लग्न झालं. नदीपलीकडच्या व्याह्याने बावीस जनावरं आंदण दिली. पांढरीशुभ्र, उंच शिंगांची. कारभारी दिवसातून चार वेळा त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्यांची वशिंडं दाखवायचा.

बासष्ट गुरांना एक तुकडा पुरेना. कारभाऱ्याने फर्मान सोडलं, "चारी तुकडे मोकळे करा. रान रिकामं ठेवायचं म्हणजे ताटातलं टाकून द्यायचं."

हौसा पारावर गेली. "कारभारी, तो तुकडा रिकामा नसतो. त्यात किडामुंगी असते."

"मग किडामुंगीला चारू का मी?" पारावरचे सगळे हसले. कारभारी हसला की हसायचं, एवढं एकच काम ते नेमाने करत.

"निदान मूठ तरी लावू द्या."

"पोरी, तुझी मूठ केवढी! माझी बघ." त्याने मूठ हवेत दाखवली. जमिनीवर नाही.

वर्षभरात माळ टक्कल पडल्यासारखा झाला. उन्हाने माती तव्यागत तापली. शेण पडलं की संध्याकाळपर्यंत त्याचा दगड व्हायचा. ते उकरून मातीत नेणारे शेणकिडे दिसेनासे झाले. नाकतोडे संपले, म्हणून चंडोल गेले. फुलं खुडली गेली, म्हणून माश्या गेल्या. कारळं फुललं, दिसायला झकास. हौसाने एक बोंड तळहातावर चुरडलं, तर नुसता भुस्सा. गावात त्या वर्षी तेलाचा घाणा फिरला नाही.

आता माणसाने म्हणावं ना, की चुकलं? पण चुकलं म्हणायला पारावर जागा नव्हती. कारभारी म्हणाला, "बघा, गुरांनी माळ खाल्ला! दोष गुरांचा. हाकला सगळी."

"सगळी?" हौसा म्हणाली. "कालपर्यंत सगळी आत होती, आज सगळी बाहेर? मधलं काही येतं का तुम्हाला?"

"मोठ्यांशी कसं बोलावं, हे आईने शिकवलं नाही वाटतं."

"आईने मूठ लावायला शिकवलं."

तिचं कोणी ऐकलं नाही. बासष्टच्या बासष्ट गुरं नदीपार व्याह्याच्या कुरणात गेली.

पहिल्या वर्षी गवत वाढलं, थोडी फुलपाखरं आली, चार घरांना पुरेल एवढं कारळं झालं. पारावरचे म्हातारे असे फुगले, जणू गवत त्यांच्याच डोक्यातून उगवलं होतं. दुसऱ्या वर्षी ते गवत वाळून आडवं पडलं आणि त्यावर नवं पडलं. खाली जाड गोधडी झाली. बारक्या फुलांना वर यायला वाट राहिली नाही. मोकळ्या मातीत बिळं करणाऱ्या माश्यांना मोकळी माती उरली नाही. शेण नाही, म्हणून शेणकिडा नाही. बोंडांत पुन्हा भुस्सा.

मग पारावर ठरलं, येत्या हंगामात कारळं भरलं नाही तर गाव उठवायचं. घरं सोडून ज्याने त्याने वाट धरायची. हे ठरवणारेही तेच होते.

हौसा त्या दिवशी एकटीच माळावर गेली. गवताच्या गोधडीवर एक काळा शेणकिडा बसला होता. त्याच्यापुढे गोळा नव्हता. तो नुसताच मागचे पाय हलवत होता.

"काय रे, काय ढकलतोस?" तिने विचारलं.

"सवय," शेणकिडा म्हणाला. "दोन वर्षं काम नाही. तुमच्यातले ते पारावरचेही काही ढकलत नाहीत, पण त्यांना निदान जेवायला मिळतं."

हौसाला हसू आलं आणि रडूही. "बाकीचे कुठे गेले?"

"निम्मे उन्हाने मेले, जेव्हा तुम्ही सगळं चारलंत. उरलेले उपासाने मेले, जेव्हा तुम्ही काहीच चारलं नाहीत. मला उंच गवताची सावली लागते, माशीला उघडी माती लागते, फुलपाखराला फूल. आम्ही काय एका घरात एका ताटात जेवतो? तुझी आई हे न सांगता जाणत होती. चाळीस गाई आण. चाळीसच. आणि खाली वाक."

हौसा गावात आली ती सरळ कारभाऱ्याच्या ओट्यावर चढली. त्याला दंडाला धरून माळावर घेऊन गेली.

"ऐका," ती म्हणाली.

"काय ऐकू? काही ऐकू येत नाही. कान गेलेत माझे."

"माझेही गेले का?"

लहानपणी या माळावर नाकतोड्यांच्या किरकिरीत हाक मारली तरी ऐकू यायची नाही, हे कारभाऱ्याला आठवलं असावं. दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत होडीत बसला.

नदीपलीकडे व्याही पान लावत बसला होता. "या, व्याहीबुवा. गुरं न्यायला आलात? दोन वर्षं आम्ही चारली, पाणी दाखवलं, दुखलंखुपलं बघितलं."

"तुमचे उपकार," कारभारी पुटपुटला.

"उपकार कसले? गावच्या चाळीस गाई घेऊन जा. आंदणाची बावीस मात्र राहू द्या इथे."

"दिलेलं माघारी घेता?"

"छे! घेत नाही. फक्त परत करत नाही."

कारभाऱ्याने हौसाकडे बघितलं. कुंपणापलीकडे पांढरी शिंगं दिसत होती. त्यातल्या एका बैलाने त्याचा आवाज ओळखून मान वर केली. हौसाने मधे पडून कारभाऱ्याची समजूत घातली नाही. हा घास त्याचा त्यानेच गिळायचा होता.

"न्या चाळीस," तो शेवटी म्हणाला आणि होडीकडे चालू लागला. मागे वळला नाही.

गाई आल्या. हौसाने त्यांना एका तुकड्यात सोडलं. खुरांनी गोधडी फाटली, माती दिसली. रोज सकाळी मूठ, मूठ उघडी पडली की पुढचा तुकडा. चौथा तुकडा तसाच राखलेला. आठव्या दिवशी ओल्या शेणात एक भोक दिसलं. मग दहा. शेणकिड्याने कुठून कुठून भाऊबंद जमवले होते. जाताना तो हौसाला एवढंच म्हणाला, "आता बोलायला वेळ नाही." खाली निळी, पांढरी बारकी फुलं उघडली. उघड्या मातीत सुईएवढी बिळं पडली.

कारळं फुललं तेव्हा शेताच्या बांधावर अख्खं गाव उभं होतं. सामान अर्धं बांधलेलं होतं. फुलांवर गुणगुण होती, पण दाणा भरला की नाही, हे गुणगुणीवरून कळत नाही. सगळे वाट बघत राहिले. बोंडं वाळली, तशी हौसा आत शिरली. तिने एक तोडलं, तळहातावर चुरडलं, फुंकर मारली.

भुस्सा उडाला. हातावर काळे, चकचकीत दाणे उरले.

एक म्हातारी बांधावरच बसली आणि तिने मोठा श्वास सोडला, आणि मग जो तो घरी जाऊन बांधलेल्या बोचक्यांच्या गाठी सोडायला लागला. त्या आठवड्यात घाणा पुन्हा करकरला. त्या आवाजाला इतकी वर्षं नावं ठेवणारे लोक दारात उभे राहून तो ऐकत होते.

पारावर कारभारी घसा खाकरून म्हणाला, "मला वाटलंच होतं, की चाळीसच पुरतील."

"कारभारी," हौसा म्हणाली, "उद्या सकाळी माळावर या. वाकून मूठ लावा. मग बोला."

या वेळीही पार हसला. फक्त कारभाऱ्यासोबत नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला. गुडघे कुरकुरले, पण वाकला. आणि गावात तेव्हापासून नियम झाला, की ज्याने त्या दिवशी सकाळी माळावर मूठ लावली नाही, त्याने माळाबद्दल तोंड उघडायचं नाही.

तात्पर्य: सगळं ओरबाडणं जितकं वाईट, तितकंच सगळं बंद करणं वाईट; किती घ्यायचं नि किती सोडायचं, ते जमिनीला हात लावून ठरवावं.

कारभाऱ्याला हे शिकायला बावीस जनावरं लागली. त्यातलं एकही परत आलं नाही.