मुरडी नदीचा गाळ

तुम्ही आत्ता ज्या पुलावरून आलात, त्याच्याखाली नुसते दगडगोटे दिसले असतील. तीच मुरडी नदी. पावसाळ्यात चार दिवस ती एवढी फुगते की गुरं वाहून जातात, आणि दिवाळी सरली की चिमणीची चोच भिजेल एवढंही पाणी उरत नाही. पूर्वी ती अशी नव्हती. वैशाखातही बाया तिच्या कमरेएवढ्या पाण्यात धुणं धूत, असं जुनी माणसं सांगत.

समोरच्या डोंगरावर तेव्हा दाट रान होतं. ऐन, हिरडा, जांभूळ. खाली पाचोळ्याचा असा थर, की भर उन्हाळ्यात पाय रोवला तरी तळव्याला ओल लागायची. रानाच्या कडेला बुधी नावाची विधवा ठाकरीण राहायची. तिला एकच मुलगी, सोमी, नऊ वर्षांची. गावचा पाटील होता बयाजी. आमच्याच घराण्यातला, लपवून काय करू?

बयाजीला डोंगरावर नाचणी-वरई पेरायची होती. रान तोडून जाळायचं त्यानं ठरवलं, तेव्हा बुधी त्याच्या दारात आली. "पाटील, डोंगर उघडा करू नका. चार महिने तो पाणी पितो, नि आठ महिने जरा जरा सोडतो. झाडं गेली तर ते पाणी थांबंल कुठं?"

बयाजी हसला. रान सात दिवस जळत होतं म्हणे.

दोन वर्षं त्या राखेवर असं पीक आलं की कणग्या पुरेनात. तिसऱ्या वर्षी पाऊस नेहमीएवढाच पडला, पण डोंगरावर मुरला नाही. लाल माती घेऊन धावत खाली आला आणि भातखाचरं गाडून गेला. माघात नदी आटली. मग विहिरी आटल्या, गुरं मेली. लोकांना बुधीचे शब्द आठवले, पण उलटे. "हिनंच पाणी बांधलं," म्हणाले. देवऋष्यानं सांगितलं, तिच्या पोटचं रक्त नदीला द्या. बयाजीनं होकार दिला.

भर दुपारी चौघांनी सोमीला उचलून आणलं. पात्रात खड्डा खणून ठेवला होता. वाळू तापलेली, पोरीचे पाय भाजत होते, म्हणून ती आपणहून खड्ड्यात उतरली. आत अजून ओल होती. "आये, हितं गार हाय," ती म्हणाली. मग त्यांनी माती लोटली. बुधीला तिघांनी दाबून धरलं होतं.

पाणी आलं नाही. आलं ते आषाढात, पूर होऊन, आणि पाचव्या दिवशी निघूनही गेलं. जाताना पात्रात पुरुषभर गाळ टाकून गेलं. खड्डा कुठं होता तेही कुणाला सांगता येईना. बुधी हातांनीच उकरत राहिली. नखं गेली तरी थांबली नाही. शेवटी बयाजी तिच्याजवळ गेला, तेव्हा ती एवढंच बोलली, "ही माती डोंगराची. तुम्ही खाली आणलीत, तुम्हीच वर न्या. माझी सोमी सापडंस्तवर तुमच्यात पाळणा हलायचा नाही." आणि तिथंच तिनं प्राण सोडला.

त्या वर्षी गावात जन्मलेलं एकही मूल बारशापर्यंत जगलं नाही. बयाजीनं आपल्या हातानं नातवाला पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन पात्रात उतरला. तेव्हापासून खणणं थांबलेलं नाही, म्हणून पोरं जगतात, असं सांगतात.

आजही आमच्याकडे लग्न लागलं की नवरा-नवरी हळदीच्या अंगानं नदीत येतात. नवरा खणतो, नवरी ती माती डोक्यावरून डोंगरमाथ्यावर नेते. पाच पाट्या. मी खणलंय, माझ्या मुलांनी खणलंय. फावडं हळू चालवायचं असतं, हाड लागलं तर फुटू नये म्हणून. अजून लागलेलं नाही. वर नेलेली माती आषाढात पुन्हा खाली येते, आणि पोरीवरचा थर दरवर्षी थोडा वाढतो.