हलगी आणि दुसरा कागद

"मग माती टाकताय का न्हाई, वस्ताद?"

रणधीर साळोखेनं तिसऱ्यांदा विचारलं. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर त्याचे दोन कागद पडले होते. पलीकडे हिंदुराव वस्ताद मांडी घालून बसले होते, डोळे मिटून. उघडले असते तरी काही फरक पडला नसता. काचबिंदूनं दोन्ही डोळे कधीच नेले होते.

मोरजाई तालमीचा नियम जुना. कुस्तीच्या जागी फुटबॉल आला, पैलवान गेले, खेळाडू आले, पण नियम तोच राहिला. कुणाला काही सुचवायचं असलं तर त्यानं चपला बाहेर काढाव्यात, मातीला हात लावावा आणि कागद हौद्याच्या काठावर ठेवावा. वस्तादांनी त्यावर मूठभर माती टाकली तरच तो सभेत वाचला जाई. तेल, ताक आणि हळद पिऊन लाल झालेली ती माती. एकदा कागदाला लागली की डाग जन्मात जात नसे.

सभा अकरा वाजता होती. आता दहा वाजून गेले होते.

"वाच," वस्ताद म्हणाले.

रणधीरनं छाती पुढं काढली. कालच तालीम दोन-एकनं हरली होती आणि रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. प्रेम खोटं नव्हतं त्याचं. अकरा वर्षं तालमीची एक मॅच त्यानं चुकवली नव्हती. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा त्यानं लीगचं वेळापत्रक बघून काढायला लावला होता. स्टेडियमच्या दारात जुनी वर्तमानपत्रं पेटवून तो हलगी तापवायचा, ती गळ्यात अडकवून कठड्यावर चढायचा आणि दोन हजार माणसांना दीड तास नाचवायचा. पेठेत त्याच्या शब्दाला वजन होतं. त्या वजनाची त्याला चांगलीच जाणीवही होती.

"एक. मॅचच्या आदल्या दिवशी मटणाची जेवणं बंद."

"बरं."

"दोन. टीम कोच शिंत्रे सर निवडणार. कमिटीवाल्यांच्या भाच्या-पुतण्यांची शिफारस चालणार न्हाई."

वस्तादांच्या मिशीत हसू हललं. "पुढं."

"तीन. चौदा वर्षांखालची टीम काढायची. आपली पोरं दुसऱ्या पेठांत जाऊन खेळाय लागलीत. चार. आपली उजवी बाजू मोकळी पडतीया, तिथं पळणारा गडी पाहिजे. पाच. जो सकाळी प्रॅक्टिसला येऊन बसतो, त्यालाच कमिटीत जागा."

वस्तादांनी हौद्यात हात घातला आणि मूठभर माती पहिल्या कागदावर सोडली.

"शाबास रे," ते म्हणाले. "साठ वर्षं हितं बसलोय. कमिटीला जे सुचलं न्हाई ते तुला सुचलं. जीव लावल्याबिगर असलं सुचत न्हाई."

रणधीरला आभाळ ठेंगणं झालं. या माणसाच्या तोंडून 'शाबास' ऐकायला भल्याभल्या पैलवानांची हाडं झिजली होती.

"आता दुसरा," तो घाईनं म्हणाला. "त्यात एकच हाय. इर्शाद शिकलगारला गोलातनं काढायचा. साठ जणांच्या सह्या हाईत."

वस्तादांचा हात हौद्यातच राहिला.

"आज सकाळी आला होता तो," ते म्हणाले. "हातमोजे ठिवून गेला. त्या खुंटीवर हाईत बघ."

रणधीरनं पाहिलं. बोटांशी झिजलेले, चिखलानं कडक झालेले हातमोजे मारुतीच्या तसबिरीखाली लटकत होते.

"आपणहून गेला म्हणायचा," तो म्हणाला. "कामच हलकं झालं."

"व्हय..."

वस्तादांनी हौद्यातला हात रिकामाच बाहेर काढला.

"रणधीर, कालची म्याच मला दाखव."

"मोबाईलवर? वस्ताद, तुमास्नी..."

"मोबाईल कशाला? हलगी आणलीयास न्हवं? वाजव. काल जशी वाजवलीस तशी. पयल्या मिनिटापास्नं."

रणधीरला गंमत वाटली. पण वस्तादांचा शब्द मोडायची पेठेत पद्धत नव्हती. त्यानं हलगी गळ्यात अडकवली आणि काठी उचलली.

सुरुवात संथ होती. वस्ताद मान हलवू लागले.

"मधल्या फळीत खेळत्यात... आता डावीकडनं गेला बघ संकेत... कॉर्नर!"

रणधीर चकित झाला. खरंच, तिथं कॉर्नर मिळाला होता.

"आता त्यांचं लोक आलं अंगावर... तू हात दाबलास... आणि इर्शादनं धरला!"

हलगी कडाडली. रणधीरच्या हातांना कालचं सगळं आठवत होतं, त्याला स्वतःला आठवत नसलं तरी. त्यांचा गोल झाला तिथं काठी क्षणभर अडखळली, मग जिद्दीनं वर चढली. आपला गोल झाला तिथं तर तालमीचे पत्रे थरथरले. वस्ताद दोन्ही हात वर करून बसल्याजागी डोलले. आंधळा म्हातारा मॅच बघत होता. एवढी वर्षं हा माणूस पहिल्या रांगेत का येऊन बसतो, हे रणधीरनं कधी विचारलंच नव्हतं.

"वस्ताद, तुमास्नी समदं दिसतंय की!"

"मला न्हाई. तुझ्या हाताला दिसतंय. तू मैदानाकडं पाठ करून लोकांची तोंडं बघतूस, आणि मी तुझी हलगी बघतो. दोघांनी मिळून अकरा वर्षांत एक म्याच धड बघितली न्हाई." ते खळखळून हसले. "वाजव, वाजव. एक-एक झालंय."

रणधीरनं काठी उचलली... आणि थांबला.

"वाजव की."

"हितं... हितं वाजवली न्हवती, वस्ताद."

"का?"

"इर्शादच्या हातातनं बॉल सुटला. गोल न्हाई झाला, बाहेर गेला. पण लोकं लई खवळली. मीबी हलगी कठड्याला अडकवली, मागं वळलो आणि..."

"आणि?"

"शिव्या घातल्या."

"किती वेळ?"

रणधीरनं काठी मांडीवर ठेवली.

"दुसरा गोल कवा झाला?"

"त्याच्यानंतर."

"नंतर म्हंजी?"

"दहा मिनिटांनी... असंल."

वस्तादांनी मान हलवली.

"त्या दहा मिनिटांत मी शेजारच्याला इचारलं, म्याच संपली का? घराकडं जायाचं का?"

रणधीरनं मान खाली घातली. दहा मिनिटं. दोन हजार माणसांच्या शिव्या आणि त्यांच्यापुढं एकटा गोलात उभा असलेला पोरगा. हे त्यानं काल पहिल्यांदाच मैदानाकडं तोंड करून पाहिलं होतं आणि तरीही त्याला दिसलं नव्हतं.

"इर्शाद... सकाळी काय म्हणाला?" त्यानं हळूच विचारलं.

"जास्त न्हाई. मोजे ठिवलं, मातीच्या पाया पडला. जाताना एवढंच इचारलं." वस्तादांनी तोंड खुंटीकडं वळवलं. "म्हणाला, वस्ताद, काल रणधीरदाची हलगी फुटली का हो?"

...

बाहेर चपलांचे आवाज येऊ लागले. सभेला माणसं जमत होती. कुणीतरी रणधीरचं नाव घेऊन हाक मारली. तो हलला नाही.

शेवटी तो उठला. खुंटीवरचे हातमोजे काढून त्यानं काखेत धरले. दुसरा कागद उचलला, त्यावरच्या साठ सह्यांकडं पाहिलं. सगळ्यात वरची सही त्याचीच होती, लफ्फेदार.

"परवा म्याच हाय," तो म्हणाला. "आत्ताच जातो शिकलगार गल्लीत. हलगी वाजवतच जातो त्याच्या दारापतुर."

त्यानं काठी मारली. आवाज भद्द आला. बोलण्याच्या नादात कातडं सैल पडलं होतं. तालमीच्या ओलाव्यात हलगी फार वेळ तग धरत नाही.

"थंड पडलीया, वस्ताद."

"तापव की मग."

रणधीरनं मुठीतला कागद चुरगाळत इकडंतिकडं पाहिलं. माती, दोर, मुदगल, तसबीर.

"तापवू कशावर? हितं पेटवाय कायबी न्हाई."

वस्तादांनी आंधळे डोळे त्याच्याकडं वळवले.

"हातात काय हाय?"